घरातील बिनतारी जाळे व त्याचा नित्य उपयोग

घरात पहिल्याने विजेचा दिवा आला, तेव्हा तो कसा पेटतो हे घरातील प्रत्येकास ठाऊक नव्हते. पण फ्यूज उडाला तर तार कशी बदलावी, ओल्या हाताने बटण का दाबू नये, एवढे बहुतेक घरांनी शिकून घेतले. नळाच्या पाण्याचेही तसेच. टाकी केव्हा भरते, गळती कोठे होते, मुख्य तोटी कोणत्या कोपऱ्यात आहे, हे घरातील एखाद्या तरी माणसाला माहीत असते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या घरांत आणखी एक सोय शिरली आहे. भिंतीवर किंवा टीव्हीशेजारी एक लहानशी पेटी लुकलुकत असते, तिला दोन-चार शिंगे असतात, आणि घरातील सारे मोबाइल व संगणक तिच्याशी बिनतारी बोलत असतात. हिला राउटर म्हणतात. हिचे बिल आपण दरमहा भरतो. मात्र हिच्याविषयी घरात किती माहिती असते? "नेट आहे" किंवा "नेट गेले", बहुधा एवढीच!

वस्तुतः ही पेटी दोन निराळी कामे करते. बाहेरचे इंटरनेट घरात आणणे हे एक काम, आणि घरातल्या यंत्रांना एकमेकांशी जोडणे हे दुसरे. पहिल्या कामाचे पैसे पडतात. दुसरे काम फुकट होते, आणि तेच आपण करून घेत नाही. या दुसऱ्या कामाची ओळख आपल्या ट्रस्टच्या सभासदांना व त्यांच्या कुटुंबीयांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बाहेरचे पाणी आणि घरातले नळ

नगरपालिकेचे पाणी आले नाही म्हणून घरातले नळ नाहीसे होत नाहीत. छपरावरच्या टाकीत पाणी असेल, तर स्वयंपाकघरातली तोटी चालूच राहते. राउटरचेही असेच आहे. रस्त्यावर खणताना केबल तुटली, किंवा कंपनीचे काही बिघडले, तरी घरातल्या घरातले बिनतारी जाळे शाबूत असते. राउटरला वीज मिळत असली म्हणजे झाले. अशा वेळीही एका मोबाइलमधील छायाचित्र दुसऱ्यात जाऊ शकते, संगणकातला कागद छापता येतो, मुलाच्या अभ्यासाची टिपणे ताईच्या लॅपटॉपवर उघडता येतात. वाय-फाय म्हणजेच इंटरनेट, हा आपला समज चुकीचा आहे. वाय-फाय हा घरातला नळ, आणि इंटरनेट हे त्यातून येणारे बाहेरचे पाणी.

आता आपण प्रत्यक्षात काय करतो ते पाहावे. मुलगा आणि आई एकाच सोप्यावर बसलेली असतात. लग्नातले एक छायाचित्र मुलाच्या मोबाइलमध्ये आहे आणि आईला ते हवे आहे. मुलगा ते व्हॉट्सॲपने पाठवितो. ते छायाचित्र घराबाहेर पडते, शेकडो किंवा हजारो मैलांवरच्या कंपनीच्या संगणकापर्यंत जाते, आणि तेथून परत येऊन हातभर अंतरावरच्या मोबाइलमध्ये उतरते. माजघरातून सोप्यावर द्यावयाची चिठ्ठी टपालपेटीत टाकून तिची वाट पाहत बसण्यासारखेच हे झाले.

यात वेळ जातो ही गोष्ट लहान आहे. नुकसान होते ते वेगळ्याच ठिकाणी. वाटेत जड होऊ नये म्हणून अशा मार्गाने जाणारे छायाचित्र नेहमीच्या पद्धतीत आकुंचित केले जाते. चार मेगाबाइटांचे मूळ चित्र पलीकडे पोहोचते तेव्हा बहुधा काही शे किलोबाइटांचे झालेले असते. मोबाइलच्या लहान पडद्यावर फरक जाणवत नाही. पण पुढे कधी तेच छायाचित्र मोठे करून चौकटीत लावावे म्हटले, की चेहरे पुसट निघतात. छायाचित्र कोणत्या दिवशी काढले, ही मूळ फाइलमध्ये असणारी नोंदही या प्रवासात सहसा गळून पडते. मूळ प्रत मुलाच्या मोबाइलमध्ये असते खरी. पण मोबाइल हरवला किंवा पाण्यात पडला, म्हणजे घरात उरते ती पुसट नक्कल. गावाबाहेरच्या नातेवाइकास छायाचित्र पाठवावयाचे असेल, तर व्हॉट्सॲपमध्ये ते "डॉक्युमेंट" म्हणून जोडावे. म्हणजे ते मूळ स्वरूपात जाते. घरातल्या घरात मात्र त्याहून सोपा मार्ग आहे, तो पुढे येईलच.

हवेतील संभाषण

बिनतारी लहरी ही आपल्याला परकी गोष्ट नाही. १८९५ च्या सुमारास जगदीशचंद्र बसू यांनी कलकत्त्यास अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या विद्युत्-लहरी भिंतीपलीकडे पाठवून दूरवरची घंटा वाजवून दाखविली होती. आपल्या घरातील राउटरच्या लहरी त्यांच्याच कुळातल्या, परंतु अधिक लांब असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लहर सुमारे साडेबारा सेंटीमीटर, म्हणजे अर्ध्या वितीहून किंचित मोठी असते. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लहर पाच-सहा सेंटीमीटरांची.

संगणक एकमेकांशी लहरींनी बोलू लागले ते हवाई बेटांवर. तेथील विद्यापीठाच्या शाखा निरनिराळ्या बेटांवर, मध्ये समुद्र. तारा टाकणे अवघड म्हणून नॉर्मन अब्रामसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली रेडिओलहरींवर चालणारे "अलोहानेट" सुरू केले. त्यातील युक्ती अगदी साधी होती. ज्याला बोलावयाचे त्याने बोलावे. दोघे एकाच वेळी बोलले तर दोघांचेही बोलणे बिघडेल. मग प्रत्येकाने मनास येईल तेवढा वेळ थांबून पुन्हा बोलावे. पुढे १९९७ साली घरगुती व कचेरीतील बिनतारी जाळ्यांसाठी एक सर्वमान्य प्रमाण ठरले, आणि १९९९ साली त्यास "वाय-फाय" हे बाजारी नाव मिळाले. आपल्या देशात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्यावाचून वापरण्याची मुभा २००५ सालच्या नियमांनी मिळाली, व ५ गिगाहर्ट्झचा पट्टा २०१८ साली अधिक मोकळा झाला. म्हणूनच आज कोणीही दुकानातून राउटर आणून घरी लावू शकतो.

वाय-फायची शिस्त अलोहानेटपेक्षा एक पायरी पुढची आहे. येथे प्रत्येक यंत्र बोलण्याआधी ऐकते. कोणी बोलत नसेल तरच तोंड उघडते. आम्हां शिक्षकांना हे चांगले समजते. वर्गात चाळीस मुले असली तरी एका वेळी एकाचेच बोलणे ऐकू येते. सर्वांनी हात वर करून पाळीपाळीने बोलावे लागते. एखादा विद्यार्थी मागच्या बाकावरून अडखळत, हळू आवाजात बोलू लागला, तर त्याचे बोलणे संपेपर्यंत साऱ्या वर्गाला थांबावे लागते. घरातही तसेच घडते. दूरच्या खोलीत, तीन भिंतींपलीकडे असलेला एक जुना मोबाइल कूर्मगतीने बोलत असेल, तर त्याच्यापायी राउटरशेजारच्या चांगल्या लॅपटॉपचाही वेळ जातो.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. पहिली गोष्ट राउटरच्या जागेची. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या भिंती दगडी व जाड असतात. दगड, विटा, काँक्रीट यांतून लहरी क्षीण होतात आणि लोखंडी कपाट त्यांना जवळजवळ अडवतेच. तेव्हा राउटर कपाटामागे, जिन्याखाली किंवा टीव्हीच्या पाठीमागे दडवू नये. घराच्या मध्यभागी, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर ठेवावा. मायक्रोवेव्ह शेगडी २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपास काम करते, म्हणून तिच्या शेजारीही नको. २.४ चा पट्टा भिंतीपलीकडे दूरवर पोहोचतो, पण सावकाश चालतो. ५ चा पट्टा वेगवान आहे, पण एका-दोन भिंतींत दमतो. जवळ बसून मोठी फाइल पाठवावयाची असेल तर ५, आणि परसातल्या खोलीत बसून मजकूर वाचावयाचा असेल तर २.४, असा साधा नियम ध्यानात ठेवावा.

दुसरी गोष्ट अशी की, राउटरमार्फत दोन बिनतारी यंत्रांत फाइल जाते तेव्हा ती हवेतून दोनदा प्रवास करते. एकदा पाठविणाऱ्याकडून राउटरपर्यंत, दुसऱ्यांदा राउटरपासून घेणाऱ्यापर्यंत. टेबलावरचा संगणक जर तारेने राउटरला जोडला, तर हवेतील एक खेप वाचते आणि काम जवळजवळ निम्म्या वेळात होते. दहा-वीस फूट तारेच्या खर्चात होणारी ही सुधारणा महागड्या राउटरानेही सहसा होत नाही.

घराचा हजेरीपट

राउटर घरातील प्रत्येक यंत्राला एक क्रमांक देतो. तो बहुधा १९२.१६८ असा सुरू होतो. राउटरचा स्वतःचा क्रमांक पुष्कळदा १९२.१६८.१.१ असतो. हा क्रमांक म्हणजे वर्गातला हजेरीक्रमांक समजावा. सातवा क्रमांक आठवी "अ" मध्येही असतो आणि आठवी "ब" मध्येही. तो वर्गापुरताच खरा. त्याचप्रमाणे हा क्रमांक बेळगावच्या घरातही असेल आणि इंदूरच्या घरातही असेल. दोघांची गाठ पडत नाही, कारण हे क्रमांक केवळ घरगुती वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. बाहेरच्या जगाला मात्र सारे घर मिळून एकच पत्ता दिसतो. ही गोष्ट लक्षात असू द्यावी, कारण पुढे सुरक्षिततेच्या प्रश्नात तिचा संबंध येणार आहे.

एका हजेरीपटावरची मुले एकमेकांना हाक मारू शकतात, दुसऱ्या वर्गातल्या मुलाला नाही. घरातील यंत्रांनी परस्परांना पाहण्यासाठी ती एकाच जाळ्यात असावी लागतात. "प्रिंटर दिसत नाही", "टीव्ही सापडत नाही" या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा येथेच असते.

चार नित्याची कामे

पहिले काम छायाचित्रे देण्या-घेण्याचे. पुष्कळ घरांत पूर्वी यासाठी "शेअरइट" किंवा "झेंडर" वापरीत. जून २०२० मध्ये भारत सरकारने ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली, त्यांत ही दोन्ही होती. आता त्यांची गरजही उरलेली नाही. अँड्रॉइड मोबाइलमध्ये "क्विक शेअर" व आयफोनमध्ये "एअरड्रॉप" ही सोय मुळातच असते. दोन्ही मोबाइल जवळ धरावे, छायाचित्रे निवडावी, "शेअर" दाबावे, आणि पलीकडच्याने होकार द्यावा. इंटरनेट लागत नाही, आणि चित्र मूळ स्वरूपात जाते. ज्या घरांत दोन्ही जातींचे मोबाइल व वर विंडोजचा संगणक असा मिश्र संसार आहे, त्यांनी "लोकलसेंड" हे विनामूल्य ॲप सर्व यंत्रांवर घालावे. त्यास खाते उघडावे लागत नाही. सर्व यंत्रे एका जाळ्यात असली म्हणजे पुरे.

वेळेचा हिशेब मांडून पाहू. एका लग्नाची दोन हजार छायाचित्रे, प्रत्येकी तीन मेगाबाइट धरली, तर एकूण सहा गिगाबाइट होतात. घरातल्या जाळ्यावर सेकंदास पाच मेगाबाइट, म्हणजे अगदी बेताचा वेग धरला, तरी वीस मिनिटांत काम आटोपते. तीच छायाचित्रे बाहेरच्या मार्गाने, सेकंदास दहा मेगाबिट वेगाने वर चढवावयाची तर नुसते चढविण्यातच ऐंशी मिनिटे जातील, उतरविणे वेगळेच. (आठ मेगाबिट म्हणजे एक मेगाबाइट. कंपन्या जाहिरातीत मेगाबिट सांगतात आणि आपण मेगाबाइट समजतो, हेही येथे सांगून ठेवावे.)

दुसरे काम छपाईचे. शिष्यवृत्तीचे अर्ज, गुणपत्रिका, आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला यांच्या प्रती वर्षातून कितीदा लागतात! त्यासाठी आपण कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जातो, व फाइल तेथल्या संगणकावर किंवा दुकानदाराच्या मोबाइलवर पाठवितो. प्रत दोन-चार रुपयांत मिळते. पण आपल्या घराची कागदपत्रे, मुलींची छायाचित्रे, बँकेचे पासबुक तेथे तशीच राहून जातात. दुकानदार सज्जन असला तरी त्या संगणकापुढे दिवसभरात शंभर माणसे बसतात. वाय-फायवर चालणारा एक प्रिंटर घरात असला, तर हे टळते. तो एकाच संगणकाला बांधलेला राहत नाही. आजोबांच्या मोबाइलवरूनही त्यावर छापता येते. घेताना शक्य तर स्कॅनर असलेला घ्यावा. दोन भावांची घरे एकाच वाड्यात असतील आणि एकाच राउटरवर चालत असतील, तर दोन्ही घरांस एक प्रिंटर पुरतो.

तिसरे काम सामाईक फोल्डराचे. घरातील एका संगणकावर "घरचे कागद" नावाचा एक फोल्डर करावा. विंडोजमध्ये त्याच्या "प्रॉपर्टीज" मधील "शेअरिंग" या पानावरून तो घरातल्या इतरांना खुला करता येतो. मग लॅपटॉपवरून, आयफोनच्या "फाइल्स" मधून किंवा अँड्रॉइडवरील योग्य त्या ॲपमधून तो उघडता येतो. काही राउटरांना पेन-ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क लावण्याची खाच असते. त्या घरांत संगणक बंद असला तरी फोल्डर चालू राहतो.

येथे एक इशारा अवश्य द्यावासा वाटतो. स्वतःच्या संगणकावरील फाइल खोडली तर ती आधी कचरापेटीत जाते व परत काढता येते. जाळ्यावरून, दुसऱ्याच्या फोल्डरातील फाइल खोडली तर ती सहसा कचरापेटीत जात नाही. ती गेली ती गेलीच. आठ वर्षांच्या नातवाने खेळताखेळता आजीच्या साठ वर्षांच्या आठवणी पुसून टाकाव्या, असे होण्यास एक बटण पुरे. म्हणून अधिकार वाटताना कंजूषपणा करावा. पाहण्याचा अधिकार घरातील सर्वांना. बदलण्याचा व खोडण्याचा अधिकार जबाबदार अशा एका-दोघांनाच.

चौथे काम सर्वांनी मिळून पाहण्याचे. लहान पडद्यावर पाचजणांनी माना वाकविण्यापेक्षा मोबाइलमधील छायाचित्रे टीव्हीवर "कास्ट" करावी. हल्लीच्या बहुतेक स्मार्ट टीव्हींत ही सोय असते. टीव्ही व मोबाइल एकाच जाळ्यात हवे, एवढीच अट. दृष्टी अधू झालेल्या वडीलधाऱ्यांना याचा जो आनंद होतो, तो पाहण्यासारखा असतो.

"दिसत नाही" या तक्रारीची कारणे

एक यंत्र दुसऱ्यास दिसत नसेल, तर मेकॅनिकला बोलाविण्यापूर्वी पाच गोष्टी पाहाव्या.

एक, दोन्ही यंत्रे एकाच नावाच्या जाळ्यात आहेत काय? एखादे शेजारच्या जाळ्यात किंवा मोबाइलच्या स्वतःच्या डेटावर गेलेले असते.

दोन, एखादे पाहुण्यांच्या, म्हणजे "गेस्ट" जाळ्यात तर नाही? ते जाळे मुद्दामच वेगळे ठेवलेले असते. तेथून घरचा प्रिंटर दिसत नाही, व दिसूही नये.

तीन, घरात दोन राउटर आहेत काय? कंपनीची पेटी एक, आणि आपण विकत आणलेली दुसरी, अशी स्थिती पुष्कळ घरांत आहे. दोघेही आपापला हजेरीपट चालवू लागले, तर एका घरात दोन वर्ग होतात. अशा वेळी दुसऱ्या राउटरला "ॲक्सेस पॉइंट" या पद्धतीवर लावावे.

चार, विंडोजने आपले जाळे "पब्लिक" समजले आहे काय? तसे असेल तर तो फोल्डर दाखवीत नाही. घरच्या जाळ्यास "प्रायव्हेट" म्हणून सांगावे. रेल्वे स्थानक, हॉटेल येथे मात्र "पब्लिक"च ठेवावे.

पाच, प्रिंटर फक्त २.४ च्या पट्ट्यावर चालणारा आहे काय? बरेच प्रिंटर तसे असतात. प्रथम जोडताना मोबाइलही त्याच पट्ट्यावर आणावा.

कुलूप व किल्ली

जे जाळे घरच्यांना सोयीचे आहे, ते उघडे असेल तर बाहेरच्यालाही सोयीचे होते. वर सांगितले त्याप्रमाणे बाहेरच्या जगाला साऱ्या घराचा एकच पत्ता दिसतो, आणि तो पत्ता कंपनीच्या दप्तरात घरमालकाच्या नावावर असतो. जुलै २००८ मध्ये अहमदाबाद येथील बाँबस्फोटांच्या वेळी धाडलेली एक ई-मेल नवी मुंबईतील एका रहिवाशाच्या वाय-फाय जोडणीवरून गेल्याचे तपासात आढळले. त्या गृहस्थाचा कटाशी संबंध नव्हता; त्याच्या जोडणीचा कोणी चोरून उपयोग केला होता. तरीही पोलिसांचे पाऊल प्रथम त्याच्याच दारात पडले. पुढे २००९ साली दूरसंचार विभागाने वाय-फाय जोडण्या सुरक्षित ठेवण्याविषयी कंपन्यांना सूचना दिल्या. दुसऱ्याच्या दुष्कृत्याचा डाग निरपराध घरावर पडणे, मग तो दोन दिवसांत पुसला गेला तरी, किती क्लेशकारक असते हे सांगावयास नको.

यासाठी पुढील खबरदारी घ्यावी. राउटरवर "डब्ल्यूपीए-२" किंवा २०१८ साली आलेले "डब्ल्यूपीए-३" यांपैकी एक कुलूप असावे. "डब्ल्यूईपी" हे जुने कुलूप २००१ सालीच मोडले गेले आहे. ते असून नसल्यासारखे. परवलीचा शब्द मोबाइल क्रमांक, मुलाचे नाव किंवा जन्मतारीख असा नसावा. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडून केलेली लांबलचक परवली आठवावयास सोपी आणि ओळखावयास अवघड असते. राउटरच्या आतल्या व्यवस्थेला दुसरी वेगळी किल्ली असते. ती बहुधा कारखान्यातून आली तशीच राहते, आणि ती सगळ्या गावाला ठाऊक असते! पहिल्या दिवशीच ती बदलून, वहीत लिहून, कपाटात ठेवावी.

ईदच्या किंवा गणपतीच्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरते, आणि पाणी विचारण्याआधी वाय-फायचा पासवर्ड विचारला जातो. तो नाकारणे आपल्या रीतीत बसत नाही. पाहुण्यास सोप्यावर बसवितात, तिजोरीच्या खोलीत नेत नाहीत. तसेच "गेस्ट" जाळे चालू करून त्याचा पासवर्ड द्यावा. पाहुण्यास नेट मिळते व घरचे कागद घरच्यांपाशीच राहतात. कोणाचाही मान दुखावत नाही.

संगणकास येणाऱ्या दुरुस्त्या वेळच्या वेळी घ्याव्या. मे २०१७ मध्ये "वॉनाक्राय" नावाच्या विषाणूने जगभरचे संगणक बंद पाडले. तो फाइली वाटून घेण्याच्या विंडोजमधील जुन्या व्यवस्थेतल्या एका छिद्रातूनच पसरला. त्या छिद्राचे ठिगळ कंपनीने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिले होते; ज्यांनी ते लावले नव्हते त्यांचे नुकसान झाले. विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबली आहे, हेही अशा संगणकांच्या मालकांनी ध्यानी घ्यावे.

वाटणे आणि जपणे

सामाईक फोल्डर केला म्हणजे कागद सुरक्षित झाले, असे मात्र समजू नये. सर्वांना दिसणारी वस्तू एकच असेल, तर ती सर्वांची एकदमच जाते. जाणकार लोक तीन प्रतींचा नियम सांगतात : प्रती तीन असाव्या, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांपैकी एक घराबाहेर असावी. एक प्रत घरच्या संगणकावर, दुसरी हार्ड डिस्कवर, आणि तिसरी बाहेरगावी राहणाऱ्या बहिणीकडे किंवा इंटरनेटवरील साठ्यात. ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगाव जिल्ह्यात जो महापूर आला, त्यात ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांना घराबाहेरील प्रतीचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. पुराचे पाणी कपाट व संगणक असा भेद करीत नाही.

महोत्सवाच्या निमित्ताने जुनी छायाचित्रे शोधण्याचे काम घरोघर चालते. ट्रंकेत, पत्र्याच्या डब्यात, काचेमागे चिकटलेली अशी कितीतरी चित्रे आपल्याकडे आहेत. ती ज्यांना ओळखता येतात अशी माणसे मात्र दरवर्षी थोडी होत चालली आहेत. घरात स्कॅनर व जाळे असेल तर हे काम एका रविवारी सुरू करता येईल. नेहमीचे कागद इंचास ३०० ठिपके या मापाने स्कॅन करावे. लहान जुनी छायाचित्रे ६०० ठिपक्यांनी. दोन इंच बाय तीन इंचाचे चित्र ६०० ने स्कॅन केले, म्हणजे १,२०० बाय १,८०० ठिपके मिळतात, आणि ते पोस्टकार्डाहून मोठे छापले तरी चांगले निघते. एकाने स्कॅन करावे, दुसऱ्याने ते सामाईक फोल्डरात टाकावे, तिसऱ्याने टीव्हीवर लावून वडीलधाऱ्यांना विचारावे, "ही कोण? हे कोठले? साल कोणते असेल?" आणि मिळालेले उत्तर त्याच फाइलच्या नावात लिहून ठेवावे. चित्र राहिले आणि नाव गेले, तर पुढच्या पिढीच्या हाती एका अनोळखी माणसाचे छायाचित्र तेवढे उरेल.

शेवटी विजेविषयी एक शब्द. राउटर बहुधा १२ व्होल्टवर चालतो व फार थोडी वीज खातो. त्याच्यासाठी मिळणारा लहानसा बॅटरीचा डबा आणून लावला, तर पावसाळ्यात लाइट गेली तरी घरचे जाळे काही तास चालू राहते. विद्यार्थी असलेल्या घराने एवढा खर्च अवश्य करावा.

ही सारी व्यवस्था करण्यास पदवी लागत नाही. लागते ती थोडी चिकाटी, आणि घरातील तरुणांनी वडिलांना न कंटाळता दोनदा समजावून सांगण्याची तयारी. प्रत्येक घरात एकाने राउटरची किल्ली सांभाळावी, एकाने प्रती ठेवण्याचे काम अंगावर घ्यावे, आणि घरची कागदपत्रे कोठे व कोणत्या नावाने ठेवली आहेत हे वहीच्या एका पानावर लिहून ते पान सर्वांस दाखवून ठेवावे. ती वही मात्र कागदाचीच असावी.